प्राणिसंग्रहालयं खरंच प्रजाती वाचवतात का? हिशेब मांडूया

हिशेबनीस :

‘आम्ही दुर्मिळ वन्यजीव वाचवतो’ असा दावा आता बहुतेक प्रत्येक मोठं प्राणिसंग्रहालय करतं. पिंजरा क्रूर की शैक्षणिक, यावर दळण बरंच दळून झालंय, ते इथे नको. प्रश्न एवढाच: कोणती प्रजाती, किती उरली होती, संग्रहालयाने नेमकं काय केलं आणि आज ती रानात आहे का?

आधी नावेची बाजू. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी संग्रहालय म्हणजे प्रजातींनी शेवटचा श्वास घ्यायची जागा होती. क्वागा (झेब्र्याची उपजात) १८८३ साली ॲमस्टरडॅममध्ये संपला. प्रवासी कबुतरांचे थवे एकेकाळी उत्तर अमेरिकेचं आकाश झाकून टाकायचे. त्यातली शेवटची मादी मार्था १ सप्टेंबर १९१४ ला सिनसिनाटीत मेली. चार वर्षांनी त्याच संग्रहालयात शेवटचा कॅरोलायना पोपट गेला. टास्मानियन वाघ १९३६ मध्ये होबार्टला. सिनसिनाटीवाल्यांनी कबुतरांची पैदास करून पाहिली होती, पण तोवर रानातले थवे संपत आले होते.

जमेच्या बाजूला अरेबियन ओरिक्स. पांढरंशुभ्र, लांब सरळ शिंगांचं हे वाळवंटी कुरंग मोटारी आणि बंदुका आल्यावर भराभर मारलं गेलं. १९६२ मध्ये मोहीम काढून रानातले थोडे पकडले, लंडनच्या संग्रहालयाने एक दिला, कुवेत आणि सौदी राजाकडून काही आले आणि अमेरिकेत फीनिक्सच्या संग्रहालयात नऊ जनावरांचा कळप उभा राहिला. १९७२ मध्ये ओमानमधले रानातले शेवटचे मारले गेले. १९८२ मध्ये त्याच ओमानमध्ये बंदिवासात वाढलेला कळप सोडला. २०११ मध्ये आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेने ओरिक्सला ‘असुरक्षित’ या पायरीवर आणलं. ‘रानातून नामशेष’ हा शेरा बसल्यावर इतकी मजल मारणारी ही पहिलीच प्रजाती.

आता याच कथेचं पुढचं पान. ओमानच्या अभयारण्यात १९९६ च्या सुमारास साडेचारशे ओरिक्स होते. मग चोरटे आले, आणि त्यांना मांस नको होतं. जिवंत पकडून खासगी शौकिनांना विकायचे होते! २००७ पर्यंत पासष्टच्या आसपास उरले, सरकारने अभयारण्य नव्वद टक्क्यांनी छाटलं आणि युनेस्कोने ते जागतिक वारशाच्या यादीतून काढून टाकलं. त्या यादीतून खोडलं गेलेलं ते पहिलं ठिकाण.

माझं मत सरळ आहे. संग्रहालय फक्त वेळ मिळवून देतं. तेवढ्यात रानातलं मूळ दुखणं कोणी दूर केलं तर ठीक, नाहीतर बंदिवासातली डोकी वाढत राहतात. आणि हे वेळ मिळवायचं काम वाघ-हत्तींच्या आवारात कमी, प्रेक्षकांना जिथे प्रवेश नसतो अशा मागच्या खोल्यांत जास्त चालतं. तुमचं काय म्हणणं?

तिरकस :

ओरिक्स, कॉन्डॉर (अमेरिकेतलं अवाढव्य गिधाड), मंगोलियाचे घोडे. विषय निघाला की हेच हुकमी पत्ते पडतात. २०११ च्या एका आढाव्यानुसार संकटग्रस्त भूचर पृष्ठवंशी प्रजातींपैकी साधारण सातातली एक संग्रहालयांत आहे. उरलेल्या सहांचं काय?

आणि ज्यांच्या जिवावर तिकिटं खपतात त्यांची गत बघा. युरोपातल्या संग्रहालयांतल्या हत्तिणींचा अभ्यास २००८ साली ‘सायन्स’मध्ये आला होता. संग्रहालयात जन्मलेल्या आफ्रिकन हत्तिणीचं मध्यक आयुष्य १६.९ वर्षं. केनियाच्या अंबोसेलीत नैसर्गिक मरण येणाऱ्यांचं ५६. आशियाई हत्तिणींचं संग्रहालयात १८.९ आणि म्यानमारच्या लाकूड उद्योगात ४१.७. म्हणजे जंगलात ओंडके ओढणारी हत्तीण आयतं खाणारीच्या दुपटीने जगते राव. २००३ मध्ये आणखी एक अभ्यास झाला होता: रानात ज्यांचा वावर फार दूरवर असतो असे मांसाहारी, विशेषतः ध्रुवीय अस्वलं, बंदिवासात सगळ्यात जास्त बिघडतात. येरझाऱ्या घालत बसतात, पिल्लं दगावतात. यात संवर्धन कुठे आलं?

हिशेबनीस :

हत्तींचे आकडे मान्य. ध्रुवीय अस्वलं तर ठेवूच नयेत असं मलाही वाटतं. पण त्याच २०११ च्या आढाव्यातलं दुसरं वाक्य तुम्ही सोडलंत. ज्या ६८ पृष्ठवंशी प्रजातींवरचा धोका कमी झाला, त्यांतल्या १७ मध्ये बंदिस्त पैदाशीचा मोठा वाटा होता. चौथा हिस्सा. हुकमी पत्ते तीन-चारच नाहीत.

सूक्ष्मदर्शी :

‘मागच्या खोल्या’ हा धागा पकडून लिहिते. जरा लांबेल.

संशोधन म्हटलं की लोकांना पांडाची सोनोग्राफी आठवते. माझ्या लेखी सगळ्यात मोलाची खोली शवविच्छेदनाची. रानात मेलेला बेडूक काही तासांत कुजतो नाहीतर कोणाच्या तरी पोटात जातो. संग्रहालयात मेलेला बेडूक टेबलावर येतो, त्याच्या कातडीचे काप सूक्ष्मदर्शकाखाली जातात आणि नोंद राहते. नव्वदच्या दशकात वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयात निळे विषारी बेडूक मरायला लागले तेव्हा तिथल्या पॅथॉलॉजिस्टना कातडीत एक विचित्र जीव दिसला. मेन विद्यापीठातल्या बुरशीतज्ज्ञ जॉयस लाँगकोर यांनी तो वेगळा काढून वाढवला आणि १९९९ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन छापून आलं. ही बेडकांवरची कायट्रिड बुरशी. ऑस्ट्रेलियापासून मध्य अमेरिकेपर्यंत बेडूक का नाहीसे होतायत याचं उत्तर त्यात होतं. २०१९ च्या अंदाजाप्रमाणे तिने पाचशेच्या वर उभयचर प्रजातींना फटका दिला आणि नव्वदच्या आसपास बहुधा कायमच्या संपवल्या.

त्याच १९९९ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये कावळे पटापट मरत होते आणि माणसांना मेंदूज्वर होत होता. अधिकृत निदान होतं सेंट लुईस एन्सेफलायटिस. ब्राँक्स संग्रहालयाच्या पॅथॉलॉजिस्ट ट्रेसी मॅकनमारा यांच्या टेबलावर फ्लेमिंगो आले आणि त्यांना ते निदान पटेना, कारण त्या रोगाने पक्षी सहसा मरत नाहीत. दुसरा संशय घोड्यांच्या मेंदूज्वराचा. तो असता तर एमू आधी आडवे झाले असते, आणि आवारातले एमू ठणठणीत होते! कोण मेलं याइतकंच कोण मेलं नाही हेही बघणारी बाई. त्यांनी पाठपुरावा सोडला नाही. शेवटी निघाला वेस्ट नाईल विषाणू, पश्चिम गोलार्धात पहिल्यांदाच. इतक्या निरनिराळ्या जातींचे पक्षी एका ठिकाणी, रोजच्या नजरेखाली, असं दुसरीकडे कुठे असतं?

हत्तींच्या बाबतीत तिरकस यांच्याशी सहमत, पण एक नोंद. हत्ती माणसाला ऐकू न येणाऱ्या खालच्या पट्टीत बोलतात हे कळलं ते पोर्टलंडच्या संग्रहालयात. १९८४ मध्ये केटी पेन यांना हत्तींजवळ उभं असताना हवेत काहीतरी धडधडल्यासारखं जाणवलं. ध्वनिमुद्रण करून टेप जोरात फिरवली आणि तो सगळा संवाद ऐकू यायला लागला. आज आफ्रिकेच्या घनदाट जंगलात रानहत्तींचा माग त्याच आवाजांवरून काढतात.

गवतफुला :

एमूचा किस्सा भारीच. एक बाळबोध शंका. दहा-बारा जनावरांपासून सगळी प्रजा वाढवायची तर सख्ख्या-चुलत भावंडांचीच लग्नं लागणार ना? जोड्या जुळवतं कोण?

हिशेबनीस :

बाळबोध अजिबात नाही, सगळं घोडं तिथेच पेंड खातं.

प्रत्येक महत्त्वाच्या प्रजातीची एक वंशावळ-वही असते, स्टडबुक म्हणतात. कोण कधी जन्मलं, आई-बाप कोण, कुठून कुठे गेलं, कशाने मेलं. सत्तरच्या दशकात याच्या संगणकीय नोंदी एकत्र ठेवायला सुरुवात झाली आणि आज जगभरातली हजारावर संग्रहालयं एकाच नोंदणीत आहेत. त्या आधारे प्रत्येक जनावराचं बाकीच्या सगळ्या कळपाशी सरासरी नातं किती जवळचं, हे काढतात. ज्याचे नातेवाईक कमी ते जनावर मोलाचं, त्याची जोडी आधी लावायची. देखणा, धिप्पाड नर ज्याची तीस पोरं आधीच आहेत, त्याला घरी बसवायचं. जनावरं देशोदेशी हलवतात ती या गणितासाठी.

हे शहाणपण उशिरा आलं. १९७९ मध्ये कॅथरिन रॉल्स आणि सहकाऱ्यांनी वॉशिंग्टनच्या संग्रहालयातल्या खुरवाल्या प्राण्यांच्या जुन्या नोंदी चाळल्या. सोळा प्रजाती पाहिल्या, त्यांतल्या पंधरांमध्ये जवळच्या नात्यातून झालेली पिल्लं जास्त मरत होती. त्याआधी ‘जनावरांना काय फरक पडतो’ म्हणून सर्रास चालायचं.

नियम धाब्यावर बसवले की काय होतं याचा नमुना पांढरा वाघ. १९५१ मध्ये रीवाच्या जंगलात पकडलेल्या मोहनची जोडी त्याच्याच पोटच्या मुलीशी लावली आणि पुढे तसंच चालू राहिलं. तिरळे डोळे, वाकडे कणे. पांढरा वाघ ही वेगळी प्रजातीच नाही, त्यामुळे संवर्धनाच्या खात्यावर त्याची किंमत शून्य. अमेरिकेतल्या मान्यताप्राप्त संग्रहालयांच्या संघटनेने २०११ मध्ये अशी रंगासाठीची पैदास बंद केली. गर्दी मात्र अजूनही त्याच आवारापुढे होते.

बरी बाजूही आहे. मंगोलियाचे प्रझेवाल्स्की घोडे १९६९ नंतर रानात दिसले नाहीत. आजचे सगळे मूळच्या डझनभर घोड्यांचे वंशज. १९९२ पासून मंगोलियात परत सोडतायत. जुन्या घोड्यांची जनुकं वंशातून गळून गेली ती गेलीच म्हणायची, पण सॅन डिएगोला १९७२ पासून पेशी द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवायची सोय आहे. १९८० मध्ये गोठवलेल्या पेशींतून २०२० मध्ये एक क्लोन शिंगरू जन्माला आलं. काळ्या पायांच्या फेरेटचंही (उत्तर अमेरिकेतला मुंगसासारखा प्राणी) तसंच: आजची सगळी प्रजा सात जणांची, त्यात १९८८ मध्ये मेलेल्या आठव्या मादीच्या पेशींतून क्लोन केले, आणि २०२४ मध्ये त्यांतल्या एका मादीला नैसर्गिकरीत्या पिल्लं झाली. म्हणजे हरवलेला आठवा धागा वंशात परत विणला गेला.

तिरकस :

एवढं गणित जमतं तर मारिअसचं काय झालं तेही लिहा की. फेब्रुवारी २०१४, कोपनहेगन. दोनेक वर्षांचा धडधाकट जिराफ. याच तुमच्या वहीत ‘हा वंश पुरेसा झालाय’ निघालं म्हणून गोळी घातली, पोरांसमोर फाडला आणि सिंहांना टाकला. दुसऱ्या संग्रहालयांची न्यायची तयारी असताना.

हिशेबनीस :

लिहितो. तिथल्या लोकांचं म्हणणं असं होतं की मारिअसला दुसरीकडे नेलं तर एक जागा अडते, आणि ती जागा जास्त मोलाच्या जनावराची. नसबंदी केली तर तो नुसता जागा अडवून बसतो. गर्भनिरोधकांनी माद्या पुढे गाभणच राहत नाहीत असं काही प्राण्यांत होतं, म्हणून पिल्लं होऊ द्यायची आणि जास्तीची काढायची, हे तिथलं धोरण. थंड डोक्याने पाहिलं तर सुसंगत आहे. मला पटतं का? अर्धवट. कळपाचं गणित मान्य आहे, पण रानात परत जाण्याची कसलीच योजना नसलेल्या जिराफासाठी ‘जनुकीय जागा’ कशासाठी राखायची, याचं समाधानकारक उत्तर मी कुठे वाचलेलं नाही. शवविच्छेदन पोरांसमोर केलं याला मात्र माझी हरकत नाही.

गवतफुला :

माझी आहे. पण विषय भरकटेल, सोडते.

पाणकोंबडी :

पैदाशीवर बोलणं झालं, सोडण्यावर कोणी बोललं नाही. खरी परीक्षा तिथे.

कॅलिफोर्निया कॉन्डॉर १९८२ मध्ये बावीस उरले होते. १९८७ मध्ये रानातला शेवटचा पकडला, एकूण सत्तावीस, सगळे बंदिवासात. तेव्हा ‘सन्मानाने मरू द्या’ म्हणणारेही बरेच होते. कॉन्डॉरची मादी एकच अंडं घालते, पण ते उचललं तर दुसरं घालते. तेवढ्या आधारावर संख्या वाढवली. उचललेल्या अंड्यातलं पिल्लू माणसाला आई समजू नये म्हणून मोठ्या कॉन्डॉरच्या डोक्यासारखी हातात घालायची बाहुली केली: लालसर टक्कल, वाकडी चोच. पडद्याआडून फक्त तो हात आत जायचा. भरवायचा, चोचीने पिसं सारखी करायचा.

१९९२ मध्ये पहिले सोडले. आणि हे बेणं निघालं माणसाळलेलं! विजेच्या खांबांवर बसायचे, तारांना धडकून मरायचे, घरांच्या आसपास उचापती करायचे. मग सोडण्याआधी मोठ्या पिंजऱ्यात खोटे खांब उभारले, बसलं की सौम्य झटका. शिवाय पिल्लांना मोठ्या कॉन्डॉरच्या सहवासात ठेवायला लागले, कारण बाहुली भरवू शकते, पण दटावू शकत नाही. आता एकूण संख्या पाचशेच्या पुढे आहे, त्यातले निम्म्याहून जास्त रानात. तरीही सर्वात मोठा मारेकरी तोच: शिकाऱ्यांनी मारलेल्या जनावरांच्या मांसातलं गोळीचं शिसं. कॅलिफोर्नियाने २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळ्यांवर पूर्ण बंदी आणली. कॉन्डॉर राज्यांच्या सीमा पाळत नाहीत. हिशेबनीस म्हणतात ते ‘मूळ दुखणं’ इथे असं आहे.

ब्राझीलच्या सोनेरी सिंह-टॅमरिनचंही तेच. १९८४ मध्ये संग्रहालयातली माकडं सोडली तर त्यांना लवचिक फांद्यांवरून धड चालता येईना, जन्मभर पिंजऱ्यातल्या पक्क्या दांड्यांची सवय. बरीच मेली. जी टिकली त्यांची रानात जन्मलेली पिल्लं मात्र पक्की रानटी निघाली. सत्तरीत दोनेकशे उरलेली माकडं २०२३ च्या गणनेत अंदाजे ४,८०० भरली. पण त्यात जंगलाचे तुकडे जोडणाऱ्या स्थानिक जमीनमालकांचा वाटा मोठा आहे.

आडवाटेचा :

वरच्या सगळ्या प्रतिसादांत पिसं नाहीतर केस. माझं मत गोगलगायीला.

ताहिती आणि आसपासच्या बेटांवर पार्टुला नावाच्या बोटाच्या पेराएवढ्या गोगलगायी. प्रत्येक खोऱ्याची वेगळी जात, त्यामुळे उत्क्रांतीच्या अभ्यासकांच्या लाडक्या. तिथे आधी आफ्रिकन महागोगलगाय आणली, ती शेतं खायला लागली. तिला खायला सत्तरच्या दशकात शिकारी गुलाबी गोगलगाय आणली. तिने महागोगलगायीकडे ढुंकूनही पाहिलं नाही, पार्टुला फस्त केल्या. अभ्यासकांनी उरल्यासुरल्या गोळा करून लंडन, एडिंबरा वगैरे संग्रहालयांत पोचवल्या. तिथे ना आवार, ना पाटी. एका खोलीत प्लास्टिकचे डबे, ठरावीक तापमान, ओलावा आणि मोजदाद करणारा माणूस. एका हत्तीच्या जागेत अशा कित्येक जाती मावतात, आणि त्यांना येरझाऱ्या घालायला हजार मैल लागत नाहीत.

सगळ्या वाचल्या नाहीत. पार्टुला टर्गिडाची शेवटची गोगलगाय १९९६ मध्ये लंडनच्या संग्रहालयात एका परजीवीने मेली. म्हणजे मार्थाचाच प्रकार, फक्त वर्तमानपत्रवाले कमी. पण २०१५ पासून बाकीच्या जाती परत सोडतायत. सोडताना प्रत्येकीच्या शंखावर अतिनील प्रकाशात चमकणारा रंगाचा ठिपका देतात. पार्टुला रात्री हिंडतात, तेव्हा विजेरी मारली की ठिपके दिसतात. २०२४ मध्ये एका जातीच्या बिनठिपक्याच्या मोठ्या गोगलगायी सापडल्या. बिनठिपक्याच्या, म्हणजे तिथेच जन्मलेल्या!

तिरकस :

हे मान्य, विनाअट. पण मग गोगलगायीच पाळा की. हत्ती कशाला?

आडवाटेचा :

कारण गोगलगायीचं तिकीट कोणी काढत नाही. जगभरातल्या संग्रहालयांत वर्षाला सत्तर कोटी भेटी होतात म्हणे. त्यातले किती डबे बघायला येतील? हत्तीच्या पैशावर गोगलगाय जगते, हे ओंगळ आहे, पण आहे.

तिरकस :

तो पैसा गोगलगायीपर्यंत पोचतो की नव्या उपाहारगृहात मुरतो, हे कोण बघतं? माझी भांडणाची जागा तीच आहे. वार्षिक अहवालात ‘संवर्धन’ या मथळ्याखाली आवाराची रंगरंगोटीही बसवलेली असते.

सूक्ष्मदर्शी :

+१. विचारायचंच असेल तर पैशाआधी हे विचारा: तुमच्याकडच्या किती प्रजातींची वंशावळ-वही आहे, मेलेल्या प्रत्येक जनावराचं शवविच्छेदन होतं का, आणि ऊती कोणाला अभ्यासाला देता. तीन प्रश्नांत बरीच दुकानं उघडी पडतात.

गवतफुला :

सोडायला रानच उरलं नसेल तर काय करतात पण? वेळ किती काळ मिळवत राहायचा?

पाणकोंबडी :

त्याचं ताजं उदाहरण ग्वामचा सिहेक, दालचिनी रंगाचा खंड्या. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्करी सामानातून तपकिरी वृक्षसर्प बेटावर पोचला आणि त्याने रानातले पक्षी साफ केले. १९८४ ते ८६ मध्ये २९ खंडे पकडून अमेरिकेतल्या संग्रहालयांत नेले. १९८८ नंतर रानात दिसले नाहीत. पुढची जवळजवळ चाळीस वर्षं पिढ्यामागून पिढ्या संग्रहालयांतच. ग्वामवर साप अजून आहेच, म्हणून २०२४ च्या सप्टेंबरमध्ये नऊ तरुण पक्षी पाल्मायरा या हजारो किलोमीटर दूरच्या, साप नसलेल्या प्रवाळबेटावर सोडले. ते त्यांचं घर नव्हे, पण २०२५ मध्ये त्यांनी तिथे अंडी घातली.

गवतफुला :

आणि ग्वामवर कधी परत?

पाणकोंबडी :

साप जाईपर्यंत नाही. तिथल्याच ग्वाम रेल या न उडणाऱ्या पक्ष्यालाही असंच रोटा आणि कोकोस या शेजारच्या बेटांवर वसवलं, आणि २०१९ मध्ये त्याचा ‘रानातून नामशेष’ हा शेरा पुसला गेला. पुढच्याच वर्षी कोकोसवर तो साप सापडला. आता तिथे सापळे लावून बसलेत.